म्हैसमाळचा सायबान

८ नोव्हेंबर १९३७, सोम.
शाळेत रजेचा अर्ज दिला. मुख्याध्यापिकेनं सत्राच्या मध्यावर रजा मागावी, हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला खपलं नसतं. इलाज नाही. सूनबाईच्या, शालूच्या, उजव्या फुप्फुसात डाग आहे. आरोग्यधामात जागा नाही, मिळाली तर उन्हाळ्यात. तोवर उंचावरची कोरडी हवा, दिवसरात्र. डॉ. म्हणाले, म्हैसमाळला न्या.
टांग्यात शालू इतकंच बोलली, "यांना कळवू नका." यांना म्हणजे माझ्या मुलाला, माधवला. तो निजामाबादला, कालव्याच्या कामावर. घरी येताच कळवलं.
छावणीतले एक कप्तानसाहेब विलायतेला परत चाललेत. शिकारीला जाताना मोटारीमागं जोडायची त्यांची दोनचाकी गाडी घेतली. ट्रेलर म्हणतात. वर पत्र्याचं छप्पर, आत झोपायला एकच फळी. आम्ही दोघी.

१० नोव्हें.
शहागंजच्या मागं करीमभाईंकडे गेले. तंबू, शामियाने शिवतात. दोन प्रकार दाखवले. छोलदारी, म्हणजे वेगळा लहान तंबू, कुठंही ठोका. किंवा सायबान: ट्रेलरच्या छपराला अडकवायचं कापड, पुढं खांब, बाजूंना कनाती, म्हणजे कापडी भिंती. "छोलदारी लिए तो दो घर, बाईसाब. सायबान लिए तो एकीच घर."
डॉ. वेगळ्या तंबूच्या बाजूचे. शालू त्यांच्याही पुढं. "माझा तंबू जितका लांब लावता येईल तितका लावा, आत्याबाई." म्हटलं, एवढ्या लांबून तुझा खोकला मला ऐकू यायचा नाही. म्हणाली, "म्हणूनच."
 

११ नोव्हें.
पुन्हा डॉ.कडे. नेमकं विचारलं. कनाती वर गुंडाळलेल्या, वारा वाहता, भांडी वेगळी, थुंकीत फिनेल, दोघींच्या अंथरुणांत अंतर. मग सायबान चालेल? पेन खाली ठेवून म्हणाले, "चालेल. पण तुमचं वय विसरू नका." विसरलेले नाही म्हटलं.
सायबान ठरला. शालूला सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली.

१४ नोव्हें., रवि.
गंगापूरहून व्याही आले, बैलगाडी घेऊन. मला वाटलं सहज आले. आत पाहते तर शालूची पेटी भरून दाराशी. निरोप तिनंच धाडलेला.
व्याही म्हणाले, दिवाळीला लेक आली नाय, आता चार दिस नेतो. हे चार दिवस काय असतात ते त्यांनाही ठाऊक, मलाही. अशा मुलीला माहेरी नेतात. सासरहून मग बोलावणं जात नाही. कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या आळीत दोन घरी पाहिलंय.
"तुमच्यावर लई भार पडंल, बाईसाहेब. लेक आमची हाय."
म्हटलं, लेक तुमची, पण सून माझी आहे आणि आजार या घरात झालाय.
शालू म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर यांना काय तोंड दाखवू मी?"
मी ओरडले. वर्गात ओरडते तसं. पेटी उघड म्हणून. बाप-लेक दोघंही दचकून उभे राहिले, हात बाजूला सरळ. मग व्याह्यांनाच हसू फुटलं. "पोरी, उघड बाई. न्हाय तर मलाबी छडी बसंल."
जेवले. जाताना अंगणात मला म्हणाले, चंपाषष्ठी करून म्हैसमाळला येतो, तवा ती म्हणंल तसं. कबूल केलं. केलं खरं, पण

१६ नोव्हें.
करीमभाईंनी सायबान अंगणात उभा करून दाखवला. सुंदर काम, आणि साफ चूक. चारी बाजूंनी दुहेरी कापडाच्या कनाती, पार जमिनीपर्यंत, दारावर झडपेवर झडप. फट म्हणून नाही. आत उभी राहिले तर जीव गुदमरला.
दोष त्यांचा नाही. मी त्यांना आम्ही दोघी बायका राहणार एवढंच सांगितलेलं, आजाराचं नाव काढलं नव्हतं. बायका म्हणजे पडदा, हे त्यांनी धरलं. या शहरात दुसरं कुणी वेगळं काय धरील?
आताही सांगावं की न सांगावं, मी घुटमळले. शालू ओसरीवरूनच बोलली, "चाचा, मला छातीचा आजार आहे. हवा आत आली पाहिजे."
वाटलं, कात्री उचलून चालू लागतील. ते कनातीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पैले बोलना था ना, बेटा. मैं तो हवा का दुश्मन बन गया." तिथंच बसून उसवायला घेतलं. आता कनाती कमरेपर्यंत, त्याही गुंडाळून वर बांधता येणाऱ्या.
आतलं अस्तर कुठल्या रंगाचं, हे त्यांनी शालूलाच विचारलं. ती म्हणाली, "पिवळ्यात मी आजारी दिसेन, हिरव्यात मेलेली. गुलाबी लावा." करीमभाई हसावं की नाही अशा विचारात पडले. मी आत निघून गेले. गेल्या दोन महिन्यांत तिनं प्रथमच स्वतःसाठी काही मागितलं.

२० नोव्हें., शनि. म्हैसमाळ.
मोटार खुलताबादपर्यंत. घाट भाड्याच्या बैलांनी चढवला. ट्रेलर पाहायला सगळी वाडी गोळा. एका म्हातारीनं विचारलं, "ह्यात देव हाय का?" म्हटलं, नाही, मास्तरीण आहे.
मी फळी तिला देणार होते, डोक्यावर पत्रा म्हणून. डॉ.नी सांगून ठेवलंय ते उलटं: आजाऱ्यानं बाहेर, वाऱ्यावर. म्हणून शालूची खाट सायबानाखाली, मी आत, दार उघडं. मध्ये तिनं पडदा मागून घेतला. दिला. बांधायची नाडी तिच्या बाजूला.

२४ नोव्हें.
ताप आहेच, संध्याकाळी जास्त. दूध, अंडी. अंडं खाताना तोंड वाकडं करते, मी बघत राहिले की खाते. दुपारी तिला वाचायला लावते. पडद्याआडून. चुकली की मी थांबवते.
आज म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही झोपेत हजेरी घेता." खोटं असणार. म्हटलं, कुणाची? "सगळ्या वर्गाची. गैरहजर असेल तिला रागावता."
म्हणजे जागी असते.

१ डिसें.
सकाळी थुंकीत रक्त. थोडं. तिनं पडदा घट्ट बांधून घेतला. अन्न तसंच. मी पायरीवर बसून राहिले, अलीकडे. दुपारी आतून आवाज आला, "बाबा आले की मी जाईन."
 ओरडता आलं असतं. कबूल केलंय तिच्या बापाला. आणि ती माझ्या जिवासाठी जातेय, तिला कुठल्या तोंडानं

६ डिसें.
रक्त पुन्हा नाही. ताप दोन दिवस उतरलेला, विश्वास ठेवत नाही. माधव काल येऊन गेला. तिच्या खाटेशी बसून काहीबाही बोलत होता. निघताना खांबाच्या दोऱ्या ताणून गेला, सगळ्या चुकीच्या. शालूनं आणि मी परत बांधल्या. तिनं एका बाजूनं, मी दुसऱ्या.
 

९ डिसें., गुरु.
चंपाषष्ठी काल झाली. आज-उद्या व्याही येणार.  तिच्या पेटीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं.
अकराच्या सुमारास शालू खाटेवर पडून वर बघत होती. मी दूध ठेवून वळले.
"आत्याबाई, हे कापड चैत्रात चालायचं नाही. ऊन आत उतरेल. वर जाड कापडाचा आणखी एक थर लागेल."
मी परत वळले.
"करीमचाचांना आत्ताच सांगून ठेवायला हवं. पुढं लग्नसराईत त्यांना सवड नसते."
विचारलं, जाड म्हणजे कसलं?  म्हणाली, तुम्ही ठरवा. म्हटलं, मी नाही, राहणारीनं ठरवायचं.
ती विचारात पडली. घाटात बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. व्याहीच असतील. मला उठून पुढं जायला हवं. शालू अजून कापडच बघते आहे.