रहमतबीकडची बाजू

१९ जानेवारी २००३

दारापुढचा ओंडका गेला! रोजच्यासारखा माझ्या बाजूनं टेकलो न् कर्रर्र — ढुंगण थेट आत! मोहसीन धावत आला, हात देऊन उठवलं, न् वरून हसून राह्यला. पोट्टा चाळिशीले आला, बापाले हसते!

"अब्बा, आता तरी फेकू. ईदच्या आधी इथी माही गाडी लावतो."

गाडी लाव आपल्या डोक्यावर, म्हटलं. कंबर दुखून राह्यली.

२० जानेवारी

चिडाचा, म्हणजे पाइनचा, ओंडका. नाहीतर बल्लारपुरात चीड कुठचं? आपल्याकडे बांबू, सागवान. कागदाच्या मिलमध्ये परदेशी मशीन आली तेव्हा तिच्याखाली टेकू म्हणून हा आला होता. मी तेव्हा लाकडाच्या यार्डात. साहेबाले मागितला, बंडीवर टाकून घरी आणला, दारापुढे दोन गोट्यांवर ठेवला. रहमतबी नाक लावून हुंगतच बसली. "अजी, याले तर लोभानाचा वास येते!"

त्या दिवसापासून जागा ठरल्या. भिंतीकडे मी, मोरीकडे ती. मी ड्यूटीवरून आलो की ती सुपारी कातरत बसे, न् गल्लीतल्या साऱ्या भानगडी सांगे. काय दिवस होते ते! आता दोन पावसाळे झाले तिले जाऊन. तरी मी भिंतीकडेच बसतो. तिकडे सरकवतच नाई.

भांडण एकाच गोष्टीचं — पाणी! नमाजाआधीचा वजू झाला की लोट्यात उरलेलं पाणी ती आपल्या टोकावर ओते. रोज! मी ओरडे, "अवो, लाकूड सडंल ना!" ती म्हणे, "पिऊ द्या जी. मी धुवून बसते, तुम्ही बसा धुळीत." मी चिडून माझ्या बाजूले दर दिवाळीत ऑइल पेंट मारे. तिच्या बाजूले ब्रश लावू देल्ला नाई तिनं. वास जाते, म्हणे.

२३ जानेवारी

आज माझी बाजू चाकूनं खरवडली. पेंट वर चकाचक, आत लालभडक, चौकोनी भेगा. चिमटीत घेतलं तर तपकीर! वजन म्हणून नाई. यार्डात असं लाकूड निघालं की आम्ही बाजूले काढून जाळायले पाठवत होतो. लाल सड लाकडातलं सूतच खाते. न् कागद होते तो सुताचा, भुश्याचा होत नाई.

तिकडची बाजू पाहायची हिंमत नाई झाली. इतकं पाणी पेलेलं लाकूड, ते तर आधीच गेलं असंल.

मनात एकच आहे. फेकायचं नाई, चुलीत घालायचं नाई. आयुष्य मिलमध्ये गेलं, रहमतबीच्या ओंडक्याचा एक कागद व्हावा. एकच! मोहसीनले सांगितलं. "अब्बा, दुकानात वह्या काय कमी आहेत?" त्याले काय सांगू!

२७ जानेवारी

श्रावण आला. यार्डात माझ्यासंग होता, आता मिलच्या लॅबमध्ये लाकूड शिजवून पाहते. माझ्या बाजूले बोट खुपसलं न् मान हलवली. "नवाबभाऊ, हे गेलं. कॉस्टिक सोड्यात टाकलं तर काळा काढा होईल, कागद नाई."

म्हटलं, मग तिकडचं पाहूच नको. ऐकंल तो श्रावण कसला! सुरा घालून उचकटलंच. आत — पांढरं! ओलसर, मऊ, शिजलेल्या कोंबडीवानी धाग्याधाग्यानं सुटून राह्यलेलं.

"भाऊ, ही पांढरी सड! हिनं आधी धाग्यांमधला डिंकासारखा माल खाल्ला, सूत बरंच ठेवलं. इथी पाणी पडत होतं काय?"

पडत होतं काय, म्हणे! मी हसायले लागलो. हसता हसता रडू आलं, श्रावणापुढेच. तो बिचारा उगाच सुरा पुसत बसला. जाताना पिशवीभर घेऊन गेला. "वचन नाई देत भाऊ. सडलेलं ते सडलेलंच, कागद कच्चाच होईल. झाला तर."

२ फेब्रुवारी

श्रावण नाई आला.

५ फेब्रुवारी

आजही नाई. झाला नसंल कागद. सांगायले तोंड नसंल त्याले.

मोहसीननं माझी बाजू टोपल्यात भरून नेली. अंगणात नुसता लाल भुसा. मग तिच्या बाजूचा एक तुकडा उचलला न् नाकाशी धरून उभाच राह्यला. मी दारातून पाहून राह्यलो होतो. "लोभानाचा वास आता येत नाई, अब्बा."

म्हणजे त्यालेही आठवते! मले वाटे, या पोट्ट्याले गाडीशिवाय काही दिसतच नाई. तो तुकडा त्यानं टोपल्यात नाई टाकला, खिडकीत ठेवला.

९ फेब्रुवारी

आज वही बाजूले आहे. हा कागद गोल आहे, लॅबचा साचाच तसा. पिवळट, जाडाभरडा, मधोमध एक काडी. श्रावण म्हणे, एकच धड निघाला.

शाई पसरून राह्यली. अक्षर टिकत नाई, सारं पिऊन टाकते! तुही सवय गेली नाई ना अजून?

पी, रहमत. आता नाई ओरडत.