तिसऱ्या कडव्यातला बास

मास्तर, काल दुपारी मी तुमचा बास पहिल्यांदा एकटा ऐकला. गाणारा नाही, कीबोर्ड नाही, टुंबा नाही. फक्त बास गिटारच्या चार जाड तारा आणि त्यांच्यावर तुमची दोन बोटं. तारेवरून बोट सरकतानाची बारीक खरखरसुद्धा ऐकू आली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि डोंबिवलीच्या आमच्या खोलीत, जेवणाची ताटं अजून उचलायची होती तेव्हा, तुम्ही वाजवत होता. माझ्या अंगावर काटा आला. भिंतीला टेकून बसलो होतो तो आपोआप ताठ झालो, विहारात वंदनेला बसतो तसा.

कसं झालं ते सांगतो. माझी मुलगी आता विहारातल्या गाण्यांना कीबोर्ड वाजवते. तिने मला एक टॅबलेट आणून दिलाय. गावच्या शाळेत आमची पाटी असायची तेवढाच आहे. त्यात वेगवेगळी ॲप आहेत. एकात तार छेडली की सुई हलते आणि तार किती चढली, किती उतरली ते दाखवते. एकात माझ्या सगळ्या गाण्यांच्या वह्या मावल्यात, आणि पायाखालची पट्टी दाबली की पान उलटतं, हात तारांवरून काढावा लागत नाही. एकात गाणं निम्म्या वेगाने लावलं तरी सूर खाली येत नाही. आपल्या टेपचे सेल उतरले की गाणाऱ्या बाईचा आवाज जाडाभरडा व्हायचा, तसं काही नाही. आणि एक ॲप असं आहे की त्याला गाणं दिलं की ते त्याच्या चार पट्ट्या करून देतं. गळा वेगळा, ठेका वेगळा, बास वेगळा, उरलेलं सगळं वेगळं. हवी ती पट्टी बंद करायची, हवी ती चालू ठेवायची. शिजलेल्या कालवणातून मीठ, हळद, तिखट परत वेगवेगळं काढून हातावर ठेवावं तसं. मी अजून त्याला बोट लावताना कचरतो.

कचरतो, कारण याच कामासाठी तुम्ही काय करायचात ते मी पाहिलंय. कोपरीतलं तुमचं घर, आतली स्वयंपाकाची खोली, आणि तिथलं ते सागवानी कपाट. टेपरेकॉर्डर कपाटावर ठेवायचा, बारीक आवाजाचं बटण पूर्ण खाली आणायचं आणि कपाटाच्या फळीला कान लावायचा. बास लाकडातून चालत येतो, असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघांचेही डोळे मिटलेले. काकू पोळ्या लाटता लाटता विचारायच्या, "काय म्हणतंय कपाट? डाळीचा डबा कुठल्या फळीवर आहे, तेवढं विचारा त्याला." गप्प राहा, म्हणून तुम्ही हात वर करायचात. "मी राहते गप्प. पण मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा." तुमचे ओठ हलायचे, हसू यायचं, पण कान फळीवरून निघायचा नाही. एका गाण्याचा बास वहीत उतरवायला कधी कधी दोन आठवडे लागत. टॅबलेटला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला त्या यंत्राचं नवल वाटतं, पण त्याहून जास्त नवल हे वाटतं की कपाटाला कान लावून तुम्ही उतरवलेलं मी आता त्याच्याशी ताडून पाहतो, आणि ते जुळतं.

मानपाड्याच्या कंपनीत तुम्ही प्रेस मशीनवर होता. एका सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला तिथे नेलंत आणि कंपनीच्या भिंतीबाहेर उभं केलंत. आत दुसऱ्या कुणाची पाळी चालू होती, ठोके बाहेर ऐकू येत होते. "मोज," म्हणालात. मी मोजायला लागलो. थोड्या वेळाने माझं लक्ष समोरच्या वडापावच्या गाडीकडे गेलं. "किती झाले?" मोजणी सुटली होती. तुम्ही रागावलात, पण आवाज चढवून नाही. "तू विसरलास, ती मशीन नाही विसरली. ढोलकी नाचेल रे, गाणारा उडेल. बासवाल्याने जागचं हलायचं नाही." मी मान हलवली. तेविशीतला होतो, मान पटकन हलायची.

मग आपल्या गायन पार्टीने वंदनेच्या गाण्यांची कॅसेट काढली, कल्याणला. सगळ्यांनी एकदम, एका दमात वाजवायचं. ढोलकीवाल्याचं बोट दारात चेमटलं होतं, म्हणून शेवटच्या गाण्याला ठेका फक्त टुंब्यावर, आणि टुंबा माझ्याकडे. उभं पिंपच ते, दोन्ही हातांनी वाजवायचं. माझं पहिलंच रेकॉर्डिंग. गाणं संपलं, पार्टीच्या मालकांनी ते परत ऐकवायला सांगितलं आणि तिसऱ्या कडव्यात हात वर केला. "कोण मागे पडतंय?" ते माझ्याकडे वळले. "तू यांच्याकडे शिकतोस ना? सांग." मी म्हटलं, "मास्तरांचा बास जरा मागे राहतोय." मला तेव्हा खरंच तसं ऐकू आलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग तारांवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, "असेल. वय झालं." तेव्हा तुम्ही आजच्या माझ्याएवढे होता. परत वाजवायला वेळ नव्हता, कॅसेट तशीच निघाली. पुढच्या कार्यक्रमापासून बासवर मी होतो.

येत्या पौर्णिमेला विहारात ती जुनी गाणी पुन्हा लावणार आहेत. त्यासाठी मुलगी टॅबलेटवर कॅसेटचा आवाज साफ करत होती. तिसरं कडवं आलं तशी म्हणाली, "पप्पा, इथे बास मागे पडतोय. सरळ करू? एका मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, "थांब. आधी मास्तरांना एकटं ऐकव." ते ऐकून झाल्यावर तिने ठोके देणारं ॲप सुरू केलं, पहिल्या कडव्याच्या लयीवर, आणि तुम्ही नक्की कुठे मागे पडता याची आम्ही वाट बघत बसलो. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यातही तुमचा एक सूर ठोक्याच्या मागे नाही की पुढे नाही. "अरे, हे तर करेक्ट आहेत," ती म्हणाली. "मग पळतंय कोण?" तिने ठेक्याची पट्टी उघडली. टुंबा सुटला होता. "हा कोण? याच्या मागे कुत्रं लागलेलं काय?" टुंब्यामागे गाणारा धावतोय, गाणाऱ्यामागे कीबोर्ड, आणि एकटे तुम्ही जागेवर. चौथ्या कडव्यात, मास्तर, ते सगळे हळूहळू तुमच्याकडे परत येतात. तुम्ही कुणाला ओढत नाही, कुणावर जोर करत नाही. तुम्ही फक्त तिथे असता. वंदना म्हणताना जे वाटायला हवं आणि रोज वाटतंच असं नाही, ते मला काल त्या चौथ्या कडव्यात वाटलं.

तुम्हाला माहीत होतं. कॅसेटनंतर आठवड्याभराने तुम्ही तुमचा बास घेऊन माझ्या खोलीवर आला होता. आत आला नाहीत, दारातच तो माझ्या हातात दिलात. "घे. आता तुला धरायला मागे मी नाही, पळू नकोस," म्हणालात आणि जिना उतरलात. मला वाटलं, जागा गेली म्हणून मास्तर मनाला लावून घेतायत. त्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणाला असतात की टुंबा पळतोय, तर मालकांनी मला त्याच पावली घरी पाठवलं असतं, आणि मी पुन्हा वाद्याला हात लावला असता की नाही, सांगता येत नाही. हे तुम्ही त्या एका नजरेत मोजलंत का? की मोजावंही लागलं नाही?

मुलीला म्हटलं, बासला हात लावू नकोस. "मग टुंबा सरळ करू?" म्हटलं, नको, सगळं आहे तसं राहू दे. म्हणजे पौर्णिमेला लोक पुन्हा तेच ऐकणार. पार्टीतले उरलेले दोघे-तिघे पुढे बसलेले असतील आणि म्हणतील, इथे मास्तर मागे पडले. मी उठून सांगेपर्यंत ते तसंच राहणार. उठायचं ठरवलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ताही उरलेला नाही. बोलायचा सराव म्हणून लिहितोय, असं समजा. सरावाची गरज आहे, मास्तर. काल टॅबलेट बंद करताना मुलीने सहज विचारलं, "पण पप्पा, तो टुंबावाला होता कोण?" मी रोज सकाळी पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. चष्मा काढून सदऱ्याला पुसत मी म्हटलं, "आठवत नाही गं."