दहा वर्षांची गाडी

आई, काल आम्ही हायब्रिड गाडी बघायला गेलो होतो. ती पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही, आणि कधी कशावर चालायचं ते तिचं तीच ठरवते. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचा भरवसा धरू नये, असं तू तिथल्या तिथे सुनावलं असतंस. ईस्ट कोस्टच्या रस्त्यावर ती चालवून बघताना सिग्नलपाशी इंजिन एकदम गप्प झालं, तशी मी म्हणाले, "बंद पडली वाटतं." मागून तुझी नात इथल्या पोरांच्या हेलात म्हणाली, "ममी, इट्स सपोज्ड टू बी क्वाएट, लाह." सेल्समन गोड हसला. इतकं गोड हसणाऱ्याकडून तू कोथिंबिरीची जुडीही घेतली नसतीस.

पण मला खरा संशय आला तो नवऱ्याचा. घरातल्या वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक ज्यानं कधी उघडलं नाही, तो माणूस बॅटरीबद्दल तोंडपाठ बोलत होता. मला आपला मिक्सर आठवला. बाबा नवा मिक्सर घेऊन आलेत, तू पोळ्या लाटते आहेस, ते तिसऱ्यांदा गॅरंटी समजावून सांगतायत. लाटणं न थांबवता तू विचारतेस, "बदली कुठे झाली?" नांदेडला झाली होती.

म्हणून मीही विचारलं, बॅटरी टिकेल किती? नवरा म्हणाला, "दहा वर्षं तरी बघायला नको. इथे गाडी ठेवायचा सरकारी परवानाच दहा वर्षांचा, तेवढी वापरली की झालं." दहा वर्षं! पुण्याहून परदेशी निघताना तुला काय सांगितलं होतं आम्ही? फार तर चार-पाच, लेकीची शाळा सुरू व्हायच्या आत परत. ती आता इथल्या सेकंडरी शाळेत आहे.

घराजवळ, बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत बसल्यावर मी सरळ विचारलं, "परत जायचं नाही, हे तू कधी ठरवलंस?"

तो कॉफी ढवळत राहिला. "मी? गेल्या दिवाळीत तिकीट बदलून पुण्याहून चार दिवस आधी कोण आलं? म्हणालीस, घरची आठवण येते. कुठल्या घरची गं?"

मला फार राग आला.

तू होतीस तेव्हा दर रविवारी फोनवर एकच विचारायचीस, "कधी येताय?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी." दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर संशय घेणारी तू, या उत्तरावर कधी घेतला नाहीस. की घेतलास आणि बोलली नाहीस?

सही उद्या करायची आहे. रंग मीच निवडला, राखाडी. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. काल त्या गाडीत बसल्यावर मनात आलं, आता कधी येताय म्हणून विचारणारं कुणी उरलं नाही. आणि आई, मला क्षणभर बरं वाटलं.