वेलगुलाबाची वाकडी पानं

११ नोव्हेंबर
वेलगुलाबाची छाटणी. हे शिडीवर, मी खालून सुतळीचे तुकडे देतेय. फांदी उभी नको, आडवी बांधायची, मग डोळ्याडोळ्याला फुटवा येतो – लग्नानंतर दरसाल यांच्याकडून हेच ऐकलं. आज यांनीच उभी बांधली. म्हटलं, "अहो, आडवी ना?"
"मला शिकवू नको."
खाली उतरून बराच वेळ वेल चढवलेल्या कमानीकडे बघत राहिले.

२९ नोव्हें.
कोवळी पानं बिघडलीत. दोऱ्यासारखी बारीक, पिळलेली. कळ्या उमलायच्या आत मान टाकतात. अशी कीड कधी पाहिली नाही. हे जेवले नाहीत.

१ डिसेंबर
फार वाईट दिवस. यांनी सलीमभाईंना धरलं. भिंतीपलीकडे त्यांचं वेल्डिंगचं दुकान, आमची लोखंडी कमान त्यांच्याच हातची.
"थिनर फेकतोस भिंतीवरून! झाड मारलंस माझं!"
गल्ली जमली. सलीमभाई हात पुसत बाहेर आले. "आबा, कमान मी बनवेल शे. तिच्यावरलं झाड मी काबरं मारू?"
"तुम्ही लोकं असलीच..."
पुढचं लिहवत नाही. मी ओढत घरात आणलं. सलीमभाई नुसते बघत होते.

४ डिसें.
मागच्या फळीवर निंबोळी अर्काची बाटली. सील तसंच. शेजारी बोळातल्या गाजरगवतासाठी आणलेलं तणनाशक, अर्धं संपलेलं. पंपाला तोच वास. गुलाबावर फवारणी यांनीच केली होती, छाटणीनंतर.
बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय झाकण न उघडणारा माणूस.
विचारलं, "फवारलं काय होतं?"
"निंबोळी. दुसरं काय?"
खोटं बोलत नव्हते. तेच तर...
तणनाशकाची बाटली कपाटात दडवली.

७ डिसें.
नसरीनभाभी, सलीमभाईंची बायको, भाजीवाल्याच्या गाडीपाशी भेटली. मान फिरवून गेली. बरोबरच आहे. तीन दिवस झाले, मला माहीत आहे आणि मी गप्प. यांची अब्रू झाकतेय म्हणते मनाशी. खरं तर भीती. दिवाळीआधी बँकेतून येताना हे घराचा रस्ता चुकले होते. मी हसण्यावारी नेलं.

८ डिसें.
मी गेले सलीमभाईंच्या दुकानात. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रडायचं नव्हतं, रडले.
सलीमभाईंनी मशीन बंद केलं, स्टूल पुढे सरकवलं. "अक्का, आबांना सांगू नका. पहिलं डॉक्टरला दाखवा. जळगावला मी नेतो."
"आणि ते जे बोलले ते?"
"ते लागलं. लागलं नाही कसं म्हणू?"
मग भाभीनं आतून चहा पाठवला.

१० डिसें.
बिघडलेले शेंडे सगळे कापले. भरपूर पाणी. खोड अजून हिरवं आहे. जगेल की नाही, कोण जाणे. डॉक्टरचं नाव काढलं तर यांनी ताट सरकवलं. "मला वेडा ठरवायचंय का?" शेवटी साखर तपासायची म्हणून कबूल करवलं.

१५ डिसें.
सकाळी सलीमभाई गाडी घेऊन दारात. हे बाहेर आले आणि हसले.
"अरे सलीम! किती दिवसांनी! इकडे फिरकत नाहीस हल्ली?"
सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग यांचा हात धरून गाडीत बसवलं. "कामं होती, आबा."
एरंडोलपासून जळगावपर्यंत हे सलीमभाईंशीच बोलत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. ज्याची माफी मागायला हवी ते भांडणच यांच्यापाशी उरलेलं नाही. आता मागायची कुणी?
डॉक्टरांनी यांना एकट्याला आत घेतलं. पुष्कळ वेळ. नंतर मला म्हणाले, मेंदूचा फोटो काढू, मग सांगतो.
परतताना हे म्हणाले, "डॉक्टर विचारत होता, घरी कोण कोण असतं."
"मग? काय सांगितलंत?"
माझ्या तोंडाकडे बघत राहिले, अगदी शांत, जसं काही आठवून बघतायत.
मी परत विचारलं नाही.