गळ्यातला टाक

सावेडी, नगर (नवं नाव हाताला अजून वळत नाही)
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय पंकजा,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. इकडे थंडी ओसरली, मागच्या शेवग्याला फुलं आलीत.

ऑपरेशनला उद्या तीन महिने होतील. गुडघ्याखालचं हाड दबलं होतं, त्या पोकळीत डॉक्टरांनी हाडाऐवजी सिरॅमिकचे दाणे भरले, हे तुला फोनवर सांगितलंच. रंगुबाई भांडी घासता घासता म्हणते, "बाई, तुमच्या पायात कपबशी घातली म्हनं? जपून टेका, तडकंल!" मी हसते, पण पाय टेकत नाही. डॉक्टर रागावले. "दाणे छान बसलेत. पोटरी वाळतेय ती तुमच्या भीतीनं."

मग तुझा शोधनिबंध काढला. बाबा होते तेव्हा तू पाठवला होतास. त्यांनी आल्यागेल्याला दाखवला, वाचला कुणीच नव्हता. शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी आणि डिक्शनरी घेऊन मी तो दोन दिवसांत वाचला. तुझ्या काचेच्या बशीत सिरॅमिकशेजारी ठेवलेल्या स्नायूंच्या पेशी. दाण्यांतून एकदम फार क्षार सुटले की त्या आकसतात. बेताबेतानं सुटले, तर काही दिवसांनी एकमेकींना जोडून घेतात, त्यांचे तंतू होतात. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

मी या घरात आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या आजीनं तुझ्या आईच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला. दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीला गळ्यात वागवावं, अशी आपल्याकडची रीत. मी तो काढला. म्हणाले, "मेलेल्या बाईला मी गळ्यात बांधणार नाही."

तू दारात उभी होतीस, हातात वेणीची रिबीन. ती माझ्याकडून बांधून घ्यायला आली होतीस, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीत तू फोनवर विचारलंस, "आईचा टाक कुठंय?" मी म्हणाले, सापडत नाही.

खोटं बोलले. तू होस्टेलला गेलीस त्या संध्याकाळी मी तो कपाटातून काढून घातला. काळ्या दोऱ्यात, ब्लाऊजच्या आत, तुझ्या बाबांखेरीज कुणाला दिसला नाही. चोवीस वर्षं. ऑपरेशनआधी नर्सनं दोरा कापला तेव्हा पहिल्यांदा उतरला. वॉर्डात आणल्याबरोबर मी पायाची चौकशी केली नाही, आधी तो मागितला. तुला 'सापडत नाही' म्हणाले, कारण सापडला असता तर द्यावा लागला असता.

तो तुझा आहे. या पाकिटात, कापसात गुंडाळून ठेवलाय. दोरा नवा आहे.

पोस्ट दोन गल्ल्या पलीकडे. रंगुबाई म्हणाली, "द्या, मी टाकून येते." नको म्हटलं. उद्या काठी घेऊन मीच जाईन, पाय टेकत.

तू मला कधीच कसली हाक मारली नाहीस. "ऐका ना," म्हणायचीस. म्हणून खाली नुसतं नाव लिहिते.

तुझी,
जयमाला