अक्काच्या चढाला लागलेला खडक

तीर्थस्वरूप मामीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग आमच्या साहेबांनी तुझ्या अंगणात घातला, पण ते पुढे.) तुझी पाठ बरी आहे ना? आणि हल्ली मामाचा गुडघा कुरकुरतो की नुसता मामाच?

पत्र आभाराचं आहे. ज्या तांबड्या थरामागे मी तीन वर्षं उन्हातान्हात फिरलो, त्याला काल स्वतःचं नाव मिळालं. खाली वालुकाश्म, वर चुनखडक, आणि मधला हा तांबडा थर खालच्याचाच भाग, असं साहेबांचं म्हणणं. ते टिकलं असतं तर हा थर वेगळा दाखवणारा माझा नकाशा रद्दीत गेला असता आणि त्याच्यामागोमाग नोकरीही. "वालुकाश्म आणि तुझा तांबडा थर जिथे भेटतात तो सांधा दाखव, मग बोल," असं त्यांनी बजावलं होतं. सांधा मेला सगळीकडे मातीखाली! उघडा पडण्यासारखा होता तो एकाच जागी, तुझ्या गुलाबांच्या वाफ्याखाली. जेवताना मी हे कसंबसं पुटपुटलो, तर मामाचा घास हातातच राहिला. तू मात्र वाढता वाढता म्हणालीस, "गुलाब पुन्हा लावता येतात. असं रडवेलं तोंड करून जेवू नकोस. खण." मामी, एवढा विश्वास माझ्यावर माझ्या खात्यानेही कधी टाकला नाही.

साहेब आले तेच नकारार्थी मान हलवत. (खड्डा अजून बघायचा होता.) फोटो नीट यावा म्हणून मागे सरकले आणि थेट आत! "अगंबाई, लागलं का हो?" म्हणत तू धावलीस, मी हात पुढे केला, पण साहेब उठेनात. मग खालून आवाज आला, "भिंग दे." त्यांच्या नाकासमोर झिजलेला वालुकाश्म होता, त्यावर गोटे, आणि गोट्यांवर तांबडा थर. म्हणजे खालचा खडक तयार होऊन, झिजून, मधे भलामोठा काळ लोटल्यावर वरचा साचला होता. साहेबांनी चहा खड्ड्यातच बसून घेतला आणि कप परत देताना म्हणाले, "वेगळाच आहे. माझं चुकलं."

राहिलं नाव. ते जागेचंच लागतं, माणसाचं चालत नाही, आणि गावाचं नाव दुसऱ्या खडकाने केव्हाच पटकावलंय. पण सुसाट येणाऱ्या रिक्षा अडवून तू जी झाडाझडती घेतेस, तिच्या धाकाने रिक्षावाल्यांनी तुझ्या रस्त्याला पाडलेलं 'अक्काचा चढ' हे नाव आता बसथांब्यावर रंगवलेलं आहे. त्या पाटीचा फोटो मी खडकांची नावं ठरवणाऱ्या मंडळापुढे ठेवला. 'अक्काचढ स्तरसमूह' मंजूर! वर्णन असं छापून येईल: 'तांबूस, वरून टणक, आतून ठिसूळ.' हे खडकाबद्दल आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. तुझ्या ऋणातच बरं वाटतं.

तुझा,
खडक्या

ता. क. हा थर पडताळायला सगळे जिथे येतील ती नमुन्याची जागा म्हणून तुझं अंगण नोंदलं गेलंय. तेव्हा तो खड्डा बुजवू नकोस. म्हणजे, कधीच.

आणखी एक. थराची पूर्ण जाडी दिसावी म्हणून खड्डा थोडा वाढवा, असं मंडळ म्हणतं. स्वयंपाकघराच्या दिशेने. मामाला तूच सांग.