तिसऱ्या मजल्याची पिवळी कुपनं

तीर्थस्वरूप मनमोहनकाका,

वाकून नमस्कार करणार होते, पण आनंदमेळ्यात उभी राहून कंबर धरलीय, तेव्हा बसल्याबसल्याच घ्या. गुडघे काय म्हणतात? काकू औषध वेळेवर घेतात ना? आमच्याकडे सगळे ठणठणीत, आजारी पडलं ते फक्त चलन.

तुम्ही जन्मभर कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवलात, म्हणून तुम्हालाच सांगते. चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत गणपतीत आनंदमेळा असतो (बायकांनी खाऊचे स्टॉल लावायचे, गिऱ्हाइकाने आधी मंडळाकडून कुपनं विकत घ्यायची, शेवटी बायकांनी ती देऊन रोख न्यायची). यंदा रुसवेफुगवे झाले आणि प्रत्येक मजल्याने आपापली कुपनं छापली. स्वातंत्र्यानंतर तुमची ती अमेरिकेची तेरा राज्यं तरी आपापल्या नोटा छापण्यावाचून दुसरं काय करत होती? आमच्या तिसऱ्या मजल्याची पिवळी. बुधाजीभाऊंनी (मजल्याचे पुढारी, उत्साह दांडगा) ती पैसे न घेताच वाटली, 'मागाहून द्या' म्हणून. घरचा प्रिंटर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! संध्याकाळपर्यंत पोरं पिवळ्या कुपनांची विमानं उडवू लागली आणि खालच्या मजल्यांनी ती घेणं बंद केलं. लगेच भाऊंचा ठराव: पिवळं नाकारेल त्याने गच्चीवर पापड वाळवायचे नाहीत. त्या तेरांतल्या ऱ्होड आयलंडात राज्याच्या नोटा नाकारणाऱ्याला दंड होता ना, अगदी तस्सं. आणि तिथल्यासारखीच इथेही पटापट दुकानं बंद.

एकट्या नलूआई, माझ्या सासूबाई, विकत राहिल्या. अडुसष्टाव्या वर्षी जन्मातला पहिला स्टॉल, घावणे आणि नारळाचा रस. आपल्या मजल्याचं कुपन आपण नाही घ्यायचं तर कोणी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी डबा पिवळ्या कुपनांनी काठोकाठ आणि किंमत शून्य. मला रडूच आलं हो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सभा. मी अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या तुमच्या फिलाडेल्फियाच्या सभेचा दाखला दिला: राज्यांना नोटा काढायची बंदी, आणि केंद्राने उधारीवर नोटा काढायचं कलमही मसुद्यातून खोडलेलं. टाळ्या पडल्या (कळलं कुणालाच नव्हतं). ठरलं, की कुपनं फक्त मंडळ छापणार, तीही पेटीत रोख आल्यावर, आणि मजल्यांची जुनी देणी मंडळ फेडणार. तिथेही राज्यांची कर्जं केंद्राने डोक्यावर घेतलीच होती की.

मंडळ रोख घेऊन दारात आलं, तर नलूआईंनी डब्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "ही माझी पहिली कमाई. मी नाही देणार." सगळी चाळ हसली. मीही हसले आणि त्यांच्या गळ्यात पडले. काका, त्यांचा चेहरा बघायला तुम्ही हवे होतात.

तुमची पुतणी,
वल्लरी

ता. क. बुधाजीभाऊ पेढे वाटतायत. वाटणारच, नलूआईंच्या डब्यातलं, म्हणजे सगळ्यात मोठं, देणं वाचलं.

आणखी एक ता. क. त्या कमाईच्या जोरावर नलूआईंनी पुढच्या वर्षासाठी लालबागहून बिडाचा मोठा तवा आणलाय, उधार. दुकानदाराला रोखच हवी. तेव्हा अठराशे रुपये जीपे करा. तारण म्हणून डबा मात्र मागू नका, त्या तो उशाशी घेऊन झोपतात.